काचेचा जबडा कुणाचा?

"पुन्हा पडला!" कीअन ओरडला.

फिन्टन मुष्टियुद्धाच्या रिंगणात आडवा झाला होता. ठोसा तरी कसला? हनुवटीला नुसता हातमोजा लागला होता!

"काचेचा जबडा झालाय तुझा, हात लागला की फुटतो," प्रशिक्षक टोबिनसर वैतागले. "ऊठ! उद्या अंतिम सामना आहे!"

कीअनची मैत्रीण ओर्ला दोरांपाशी उभी होती. तीन वर्षांत तिचा भाऊ फिन्टन एकदाही पडला नव्हता. या आठवड्यात ही चौथी वेळ! तिनं तारखा वहीत लिहून ठेवल्या होत्या. शिवाय सकाळी त्यानं चहात दोनदा साखर घातली होती, आणि खिडकीतलं ऊन त्याला सहन होत नव्हतं.

"जबडा आठवड्यात काचेचा होतो का रे?" तिनं बाहेर आल्यावर कीअनला विचारलं. "हे डोक्याचं दुखणं आहे."

"मग त्यालाच विचार ना."

"विचारलं. म्हणाला, आईला सांगितलंस तर याद राख!"

कीअननं विमान करायला खिशातून निवडणूक प्रचाराचं पत्रक काढलं. त्यावरच्या फोटोत नगरसेवक लेहन, क्लबचे अध्यक्ष, रिंगणापुढे हातमोजे घालून हसत होते. विमान करता करता तो थांबला.

"ओर्ला, साहेबांच्या कोपराखाली बघ!"

दोन बूट. टाचा जमिनीला, टोकं छताकडे. एकाची नाडी लाल, दुसऱ्याची पांढरी. कॉर्क शहरात अशा नाड्या फक्त फिन्टन बांधायचा!

"फोटो निघेपर्यंत उठला नाही, म्हणजे हा बेशुद्ध पडलाय!" ओर्ला कुजबुजली. अशा खेळाडूला अठ्ठावीस दिवस रिंगण बंद. आणि ते त्याच्या वैद्यकीय नोंदवहीत लिहावंच लागतं. फिन्टनची वही मात्र कोरी होती.

"आणि उद्या आणखी एक ठोसा बसला तर?" कीअननं विचारलं.

ओर्लानं पत्रक डॉक्टरांना दाखवायला वहीत ठेवलं.

शनिवारी सकाळी सामन्याआधी खेळाडूंची वजनं चालू होती. स्पर्धेच्या डॉक्टर हेनेसींनी ओर्लानं दिलेलं पत्रक निरखून पाहिलं.

"ते बूट वाळत ठेवले होते," टोबिनसर पटकन म्हणाले.

"मी ठणठणीत आहे, डॉक्टर!" फिन्टन ओर्लाकडे रागानं बघत म्हणाला.

"बुटांत पाय होते का, हे फोटोत दिसत नाही गं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी खेळायला परवानगी देणारा शिक्का उचलला. संपलं सगळं!

शेजारीच लेहनसाहेब वार्ताहराशी बोलत होते. ओर्लाला एकदम आठवलं: मागे कुणीतरी त्यांच्या टायला हसलं, तर साहेब आठवडाभर धुसफुसत होते! तिनं कीअनला चिमटा काढून कानात सांगितलं, "साहेबांना डिवच!"

"फोटोच खोटा असेल!" कीअन मोठ्यानं म्हणाला. "साहेब क्लबात येतात कुठे? स्टुडिओत काढला असणार!"

"काय म्हणालास, कार्ट्या?" साहेब लालबुंद झाले. "खोटा? गेल्या आठवड्यात मंगळवारी मी स्वतः तिथे होतो! हा फिन्टन दोन मिनिटं उठत नव्हता, तोंडावर पाणी मारलं ते मीच!"

टोबिनसरांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी शिक्का खाली ठेवला आणि वही मिटली. "सामना रद्द. गाडीत बस, फिन्टन. इस्पितळात."

वाटेत तो ओर्लाकडे पाठ करून बसला. दुपारी तपासणीचा अहवाल आला: मेंदूला सूज.

"आज रिंगणात उतरला असता, तर मी काहीच करू शकले नसते," डॉक्टर आईला म्हणाल्या. "आम्ही मोठ्यांनी नुसत्या वह्या पाहिल्या. या दोघांनी मुलाकडे पाहिलं."

"आणि काचेचा जबडा निघाला साहेबांचा!" कीअन म्हणाला. "एका टोमण्यात गार!"

फिन्टन हसला, आणि दुखून कळवळला. मग खाटेखालचा बूट ओढून त्यानं लाल नाडी सोडवली आणि ओर्लाच्या मनगटाला बांधली.