धूसर डोंगर

“लोक म्हणतात, अब्बांनी उडी मारली,” अर्फा म्हणाली. “तसं नसेल तर मला कळायला हवं. असलं तरीही.”

सांगलीत खासगी तपास करणाऱ्या अंकिताने कॅमेरा हातात घेतला. शिराळ्याचे कुतुबुद्दीन चाळीस वर्षं डोंगरांचे फोटो काढत होते. बुधवारी ते कड्याखाली सापडले, शेजारी मोडलेला ट्रायपॉड. कॅमेरा मात्र वर खडकावर जपून ठेवलेला. शेवटचा फोटो संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांचा. कड्यावरचं रानफूल स्वच्छ, मागचा डोंगर धूसर.

“अब्बा एफ सोळाच ठेवायचे. अॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, बारीक; मग पायाजवळच्या गवतापासून डोंगरापर्यंत सगळं रेखीव. शटर सावकाश चालतं, म्हणून ट्रायपॉड.”

अंकिताचे सहकारी लालासाहेब, निवृत्त हवालदार, बटणं दाबत होते. “आवं मॅडम, ह्यात साडेबारा वाजल्यात. भिंतीवर साडेअकराच. जेवायची घाई झालीया ह्याला.”

“अब्बांची घड्याळं मिनिटाला बरोबर असायची,” अर्फा म्हणाली.

कुतुबुद्दीन आणि त्यांचा पुतण्या मतीन यांना जीपने नेलं होतं कुतुबुद्दीनचे मित्र विश्वजित यांनी.

“मी खाली जीपपाशीच हुतो. पावणेसहाला मतीन एकटाच खाली आला, मग दोघं थांबलो. जाताना चाचा-पुतण्याचं वाजलं हुतं, बक्षिसाच्या फोटोवरनं.”

“कॅमेरा येतो तुम्हाला?”

“मोबाईल बी नातच लावून देती.”

मतीन लग्नाचे फोटो काढायचा. त्याच्या स्टुडिओच्या भिंतीवर नवरा-नवरींचे फोटो होते, मागचे मंडप धुक्यात विरलेले.

“सव्वापाचला मी कड्यावरून निघालो. सहा दहाला विश्वजितकाकांपाशी होतो. विचारा त्यांना.”

दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीसमोर सगळे जमले. दारात पोलीस होते.

“कॅमेऱ्याचं घड्याळ तासभर पुढं केलंय,” अंकिता म्हणाली. “फोटो खरा पाच दहाचा. तेव्हा वर चाचा आणि तू, दोघंच होतात.”

“मग चाचांनीच काढला असेल.”

“ते तोवर तुझ्या धक्क्यानं ट्रायपॉडसकट खाली गेले होते. कॅमेरा तुझ्याकडे उरला. नुसत्या हातात एफ सोळावर फोटो हलला असता, म्हणून बोटांनी सवयीनं अॅपर्चर उघडलं. फूल आलं, डोंगर गेला. या मंडपांसारखा.”

“पर नीट कशाला काढायचा?” लालासाहेब म्हणाले. “हललेला बी चालला असता की.”

मतीन भिंतीवरच्या मंडपांकडे वळला.

“बक्षीस त्यांच्या फोटोला मिळालं होतं. मी माझ्या नावानं पाठवला होता. ते सगळ्यांना सांगणार होते.” मग हळू म्हणाला, “हललेला फोटो काढायचा नाही, हे चाचांनीच शिकवलं.”

अर्फा उठली. मोहल्ल्यात कुणी विचारलं तर आता तिच्याकडे उत्तर होतं. ते द्यायचं तर घरातलंच नाव घ्यावं लागणार होतं.