पुन्हा सांगा

आमच्या कामात बोलायचं थोडं, आणि तेही आकड्यांत. जाळ्यातून मासा सोडवायचा, फळीवर आडवा धरायचा, जात आणि लांबी मोठ्याने सांगायची. समोरच्याने ती परत म्हणायची आणि मगच लिहायची, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. मग मासा टबात, आणि टबातून पुन्हा तळ्यात. एकोणीस वर्षं मी सांगत आले आणि काका लिहीत आले.

काका नात्याने माझे कुणी नव्हते. ऑफिसात त्यांना 'पुन्हासांगा' म्हणत. शंका आली की पेन्सिल थांबायची आणि ते सावकाश म्हणायचे, "पुन्हा सांगा, ताई." एकदा कुणीतरी त्यांना बदली झाल्याची थाप मारली, तर त्यालाही त्यांनी पुन्हा सांगायला लावलं आणि त्या बिचाऱ्याला हसू फुटलं. पण दुसऱ्यांदाही तेच सांगितलं की ते वाद घालत नसत. सांगितलेलं खरं धरून लिहून टाकत.

आमचं तळं एका माशामुळे वाचलेलं आहे. बोटभर मासा, अंगावर काळ्या ठिपक्यांची एक ओळ. आम्ही त्याला ठिपकी म्हणतो. वर्षातून एकदा मोजणी, आणि तीत निदान एक ठिपकी मिळालीच पाहिजे. नाही मिळाली तर तळ्याचं सरकारी संरक्षण उठलं. मग तळं उपसून त्यात विकायचे मासे वाढवायला मंडळी टपलेली आहेतच. पहिल्यापासून ती आमच्या तळ्याला पाण्यात पाहत आली आहेत.

काका आजारी पडले त्या वर्षी मी एकटीने मोजणी केली. ठिपकी मिळाली नाही. तीन दिवस जाळी टाकली तरी नाही. शेवटी मी एक लिहिली. एक्क्याण्णव मिलिमीटर, मादी. खरं वाटावं म्हणून वर आणखी जोडलं, उजवा पर अर्धा तुटलेला. तक्त्यावर दुसरी सही लागते, म्हणून हॉस्पिटलात गेले. काका उशीला टेकून बसले होते. प्रत्येक श्वासाबरोबर छातीत कागद चुरगळल्यासारखा आवाज येत होता. मी ती ओळ वाचून दाखवली.

"पुन्हा सांगा, ताई."

मी पुन्हा सांगितलं. त्यांच्याकडे न बघता सांगितलं. त्यांनी सही केली, आणि आठव्या दिवशी ते गेले. त्या सहीची लाज मला अजून वाटते.

पुढच्या वर्षी त्यांची जागा भरली नव्हती, म्हणून मोजणीला पुन्हा मी एकटीच. सकाळचे साडेआठ वाजले होते, पण धुकं इतकं की काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवा लावावा लागला. ओल्या जाळ्यांचा, शेवाळाचा नेहमीचा वास. मी मासा फळीवर ठेवला आणि सवयीने मोठ्याने म्हटलं, "रुपेरी, एकशे अठरा."

"एकशे अठरा," कुणीतरी हळूच म्हणालं.

पत्र्याचा घुमारा असेल, असं मी मनाला समजावलं. पुढचा मासा, पुढचा आकडा. तोही परत आला. इतकी दमले होते की मला त्याचं बरंच वाटलं. हात चालू लागले, पेन्सिल चालू लागली. दहा-बारा मासे असे झाले.

"मिशाळ, एकशे बेचाळीस."

"पुन्हा सांगा."

घुमारा प्रश्न विचारत नाही. मी मासा पुन्हा मापला. एकशे चोवीस. मी आकडे उलटे वाचले होते.

"एकशे… चोवीस."

"एकशे चोवीस."

मी वळून बघितलं नाही. पळालेही नाही, कारण पळून जाणार कुठे? मासे अजून जाळ्यात तडफडत होते. सगळे मापून होईपर्यंत तो आवाज माझ्या डाव्या खांद्यामागे, काका बसायचे त्या जागी होता. शेवटचं जाळं रिकामं झालं, आणि त्यातही ठिपकी नव्हती.

टब उपडा करून मी त्यावर बसले. पुन्हा खोटं लिहायचं माझ्यात त्राण नव्हतं आणि तळं गेलेलं बघायचंही नव्हतं. शेवटी म्हटलं, "काका, गेल्या वर्षीची ती ठिपकी…"



"एक्क्याण्णव," आवाज म्हणाला. "मादी. उजवा पर अर्धा."

लिहून झालेली ओळ ते नेहमी अशीच वाचून दाखवत. आणि मी बसले होते त्या उपड्या टबाच्या आत काहीतरी फटफटलं.

टब उचलला तेव्हा खालच्या कोरड्या फरशीवर ती पडली होती. ठिपक्यांची ओळ, अर्धा पर. फळीवर धरली. एक्क्याण्णव, ना एक मिलिमीटर कमी, ना जास्त. मी आकडा सांगितला, आवाजाने परत म्हटला, मी लिहिला. या वेळी मी खोटं लिहीत नव्हते. दुसऱ्या सहीची जागा रिकामी ठेवून तक्ता पाठवला. 'जागा रिक्त' असा शेरा मारून साहेबांनी तो मंजूर केला.

त्याला आता सहा वर्षं झाली. दरवर्षी एक ठिपकी सापडते आणि दरवर्षी तीच असते. ऑफिसात सगळे खूश आहेत. एक मिळाली की त्यांचं भागतं. पण दुसरं कुणी ती बघत नाही, मी बघते. इतक्या वर्षांत तो मासा वाढलेला नाही. तुटलेला पर एरवी काही महिन्यांत भरून येतो, हिचा आलेला नाही. मी दोनदा सांगितली होती तशीच्या तशी ती आहे. पाण्यात सोडली तरी लांब जात नाही, काठाशी तोंड करून थांबते. खऱ्या ठिपक्या बहुधा केव्हाच संपल्या. मी मात्र एका थापेची राखण करत बसले आहे, आणि या राखणीचा मला मनापासून कंटाळा आला आहे.

परवाची गोष्ट. मोजणी संपली होती. अंगात कणकण होती, गुडघे बोलत होते. तक्त्याच्या तळाशी एक रकाना असतो, 'मोजणीस हजर'. गेली सहा वर्षं मी तिथे गुपचूप 'एक' लिहिते. पण त्याआधी एकोणीस वर्षं मी तिथे 'दोन' असं मोठ्याने सांगत आले होते. थकलेल्या जिभेला कुठलं भान? तोंडातून निघून गेलं.

"हजर, दोन."

शेडमध्ये सगळं शांत झालं. पाण्याचा आवाजही थांबला.

"पुन्हा सांगा, ताई."

आवाज अगदी जवळ होता, आणि त्यात मला तो छातीतला कागद चुरगळल्याचा आवाज ऐकू आला. सहा वर्षांत पहिल्यांदाच. मला काका हवे आहेत हो. इतके हवे आहेत की ओठ उघडलेसुद्धा. पण जे येतं ते पुढे बरं होत नाही, हे मी त्या माशाच्या परावर दरवर्षी बघते आहे.

मी तोंडावर हात दाबून बाहेर पडले. रकाना तसाच कोरा घेऊन घरी आले. तो भरल्याशिवाय तक्ता पाठवता येत नाही, आणि तक्ता गेला नाही तर तळं जाईल. उद्या शेवटची तारीख आहे. कागद समोर ठेवून मघापासून बसले आहे. नुसतं 'एक' लिहायचं तरी तो जुना 'दोन' आपोआप ओठांवर येतो, आणि माझ्या डाव्या खांद्यामागे कुणीतरी पेन्सिल थांबवून, मोठ्या कष्टाने श्वास घेत, वाट बघतं आहे.