वहिनीने मोडलेली शपथ

“माझ्या लेकाला कॉलेजात व्यसनी ठरवून आलीस? अगं, सून आहेस की वैरीण!”

सासूबाईंचा आवाज चढला तशी वहिनीने हातातली कपबशी खाली ठेवली. तिचा नवरा वर्तमानपत्रामागे असा दडला, की नुसतं टक्कल तेवढं दिसत होतं. आणि ज्याच्यावरून हा गोंधळ, तो तिचा धाकटा दीर, घराचं लाडकं शेंडेफळ, “वहिनी, तू मला फसवलंस!” एवढंच म्हणाला आणि दार आपटून खोलीत गेला.

फसवलंच होतं तिने! परीक्षेसाठी जागायच्या गोळ्या, मग झोप यावी म्हणून दुसऱ्या... जिन्यात थरथरत बसलेला तो तिला दिसला, तेव्हा त्याने तिला गळ्याची शपथ घातली होती, आईला कळता कामा नये म्हणून. पण शपथ पाळायची की हे लेकरू जपायचं? काळजावर दगड ठेवून ती कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडे गेली होती.

बाई म्हणाल्या, “तो एकटा नाही हो. डॉक्टर औषधपाण्याचं बघतील, पण या मुलांना मोकळेपणी बोलायला एक जागा हवी... कॉलेजबाहेर, कोणी बोट न दाखवणारी.”

जागा होती! औषधांच्या दुकानावरची खोली. लग्नाआधीपासून उराशी जपलेला नाचाचा वर्ग वहिनी तिथेच काढणार होती, भिंतीला आरसेसुद्धा लागले होते. तिने मुकाट्याने किल्ली बाईंच्या हातात ठेवली. घरी मात्र चकार शब्द काढला नाही!

मग खालचे औषधवाले काका, फुटबॉल शिकवणारे सर, शेजारपाजारचे आईबाप, सगळेच हळूहळू जमू लागले. शेंडेफळ आधी तोंड वाकडं करून गेलं, मग आपल्या पायाने जाऊ लागलं. वहिनीशी अबोला मात्र सुटेना. ती त्याचं ताट वाढायची, तो मान खाली घालून जेवायचा... आणि तिच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं.

एका संध्याकाळी सासूबाईंनी पदर खोचला. “बघतेच, कुठे बिघडवताय माझ्या पोराला!” तरातरा जिना चढून त्या दारात पोचल्या. वहिनी धापा टाकत मागोमाग.

आत हास्याचा गडगडाट चालला होता. त्यात शेंडेफळाचं हसू सगळ्यांत मोठं! कितीतरी महिन्यांत सासूबाईंनी ते ऐकलं नव्हतं. त्या जागीच थबकल्या.

“ही खोली माझ्या वहिनीची आहे,” आरशाला टेकून तो एका नव्या मुलीला सांगत होता. “बाईंकडून कळलं मला. नाचाचा वर्ग सोडला तिने माझ्यासाठी. आणि मी... तिच्याशी बोलतसुद्धा नाही गं. कुठल्या तोंडाने बोलू?”

“याच तोंडाने बोल, गाढवा!” सासूबाई दारातून कडाडल्या आणि पुढच्याच क्षणी ढसाढसा रडू लागल्या. वहिनीचे दोन्ही हात घट्ट धरत म्हणाल्या, “पोरी, मी आई ना त्याची... मग मला का गं नाही दिसलं?”

“आई, माझ्यापासूनसुद्धा तो लपवतच होता हो!”

शेंडेफळ उठलं, अडखळत पुढे आलं आणि वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखं हुंदके देऊ लागलं. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला.

औषधवाल्या काकांनी हळूच नाक पुसलं आणि खुर्ची पुढे सरकवली. “बसा ताई. इथे प्रत्येकाने आपला दिवस कसा गेला ते सांगायचं असतं.”

“सांगते ना!” डोळे पुसत सासूबाई ऐटीत बसल्या. “सकाळपासून सुनेच्या नावाने खडे फोडत होते. आता मात्र... फार बरं वाटतंय बघा!”