आईच्या डोळ्यांवरची फळी

"बाई, चित्राला हात लावू नका," असे म्हणत रखवालदार धावला, तोवर ताईने ते भिंतीवरून उतरवून टेबलावर पालथे घातलेही होते!

किनाऱ्यावरच्या त्या छोट्या गावाच्या संग्रहालयात, जहाजांच्या गंजक्या नांगरांच्या खोलीपलीकडच्या कलादालनात आज तिच्या धाकट्या भावाचे प्रदर्शन उघडायचे होते. मानाच्या जागी त्याचा वादळी समुद्र! त्याच चित्रावर त्याला कलाशाळेत जागा मिळाली, पुढे कीर्ती मिळाली... पण कापडाच्या मागे काय आहे, हे आता भावंडांनाच ठाऊक होते. वडील शिडे शिवायचे. उरलेल्या तुकड्यांवर एका अंगाला तो रंगवायचा, दुसऱ्या अंगाला ती. या तुकड्यावर तिने आजारी आई रंगवली होती. आणि चौकटीच्या आधाराची फळी नेमकी आईच्या डोळ्यांवरून ठोकलेली होती.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ताई, लोक आलेत. घरी बोलू," भाऊ हळूच म्हणाला.

"घरी येतोस कधी तू?"

कलाशाळेत तेव्हा जागा एकच उरली होती. मागचे चित्र कोणाचे, असे परीक्षकांनी विचारताच तिनेच हसून सांगितले होते, "ते काही नाही, ब्रश पुसायची बाजू आहे." त्या एका वाक्यात तिने आपले सारे आयुष्य त्याच्या ओंजळीत टाकले होते...

"खोटं मी बोलले, राजीखुशीनं बोलले. पण पुढची तीस वर्षं तू का मिठाची गुळणी धरून बसलास?"

"भीती वाटली," तो म्हणाला. "तुझं चित्र माझ्यापेक्षा सरस होतं. मला तेव्हाच कळलं होतं."

कळले होते! त्याला कळलेच नसेल, लहान होता बिचारा, अशी तिने इतकी वर्षे मनाची समजूत घातली होती. आता तोही आधार गेला. तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

त्याने कोपऱ्यातली पक्कड उचलली आणि फळीच्या खिळ्याला हिसका दिला. चौकट हादरली, खालून निळ्या रंगाचे पोपडे गळाले.

"अहो, तुमचा समुद्र जातोय," संग्रहालयाच्या संचालिकाबाई कळवळल्या.

"जाऊ दे."

तो दुसऱ्या खिळ्याला भिडला, तशी ताईने पक्कड त्याच्या हातातून ओढून घेतली.

"आण इकडे. धसमुसळेपणानं दोन्ही घालवशील. आणि खालून कापड धर, नुसता उभा राहू नकोस." दातओठ खात तिने एकेक खिळा अलगद काढला. "मी तुझ्याशी अजून बोलत नाहीये."

"नको बोलूस," तो म्हणाला. त्याचे तळवे कापडाखाली होते, त्यामुळे डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

फळी सुटली. आई दोघांकडे बघत होती...

दारात पाहुणे ताटकळले होते. भावाने मान वळवून त्यांना हाक मारली, "आत या. हे माझ्या ताईनं काढलंय."

ताईने त्याच्याकडे पाहिले नाही. फक्त लोकांना नीट दिसावे म्हणून ती टेबलापासून थोडी बाजूला सरकली.