टाक्यातलं समुद्रगवत

"मी सांगते ना, हे समुद्राचं काम नाही!" बोनारिया टाक्याच्या काठावरून ओरडली.

रोमन लोक जिथे मासे खारवायचे, ते दगडी टाकं समुद्रगवताने काठोकाठ भरलं होतं. तिचा धाकटा आगाऊ भाऊ एफिसिओ नाक दाबून शेजारी उभा होता. या अभयारण्याचे रखवालदार म्हणजे त्यांचे अंतिओको काका. सुट्टीला दोघं त्यांच्याकडेच आली होती. काल तपासणीला आलेल्या मेलिसबाईंनी काकांना चांगलंच झापलं होतं. "रोमनांच्या टाक्याचा उकिरडा केलात! सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर दुसरा रखवालदार येईल."

काका एवढंच म्हणाले, "मायेस्त्रालेने आणलं असेल, बाई."

सार्डिनिया बेटावर हे उत्तर सगळ्यांनाच पटतं. पाव करपला, मायेस्त्राले! बोट चुकली, मायेस्त्राले! त्या वायव्येच्या वाऱ्यावर खापर फोडलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

बोनारियाला मात्र वेगळाच संशय आला होता. काका दुपारी ताणून देतात, कामात हयगय तर होत नसेल? हा विचार मनात आला याची तिला लाजही वाटत होती.

"एफिसिओ, मूठभर गवत वर फेक बघू."

वारा भणाणत होता. गवत भुर्रकन उडालं ते थेट समुद्राकडे!

"अगं ताई, मायेस्त्राले तर इथून बाहेर वाहतोय!"

"मग तो आत काय आणणार, कपाळ?"

दोघांनी गवत उपसलं. आत आइस्क्रीमचे चमचे आणि सरबताच्या नळ्या! बोनारियाचे डोळे चमकले. अभयारण्याच्या हद्दीबाहेर सिन्योर पुद्दूंचं हॉटेल होतं. सगळ्या किनाऱ्यांवर गवताचे ढीग होते, पण त्यांच्या पुढ्यातली वाळू कशी लख्ख! गवत वाळू धरून ठेवतं, म्हणून ते हलवायला बंदी होती.

"चल, काकांना सांगू!" एफिसिओ म्हणाला.

"थांब रे! चमचे वाऱ्याने उडाले म्हणेल तो पुद्दू. त्याला त्याच्याच पायांनी इथे आणायचं."

थोड्या वेळाने दोघं हॉटेलात आइस्क्रीम चाटत बसली.

"तुरीनहून आलेल्या एका बाईंची सोन्याची बांगडी इथल्या गवतात पडली म्हणे!" बोनारिया मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "शोधणाऱ्याला घसघशीत बक्षीस!"

"पण इथे गवत कुठाय?" एफिसिओने साळसूदपणे विचारलं.

पेला पुसणारा पुद्दूंचा हात थांबला.

दुपारी सगळं गाव झोपलं. टाक्याजवळच्या झुडपांमागे मात्र चौघं दबा धरून बसली होती, दोन मुलं, काका आणि मुलांच्या आग्रहावरून आलेल्या, कपाळाला आठ्या घातलेल्या मेलिसबाई. इतक्यात दाताळं घेऊन सिन्योर पुद्दू आले आणि टाक्यात उतरून भराभरा गवत उचकू लागले!

"काय शोधताय?" मेलिसबाई कडाडल्या.

"बां... बांगडी! आमच्या किनाऱ्यावरच्या गवतात..." पुद्दूंनी जीभ चावली.

"आणि ते गवत इथे आणलं कुणी?"

"मा... मायेस्त्रालेने?"

एफिसिओ हसून गडबडा लोळला.

"दंड तर होईलच," बाई म्हणाल्या, "आधी हे सगळं हातांनी उपसून किनाऱ्यावर परत न्या! अंतिओको, मला माफ करा. आणि मुलांनो, शाबास! मोठ्यांनी जे करायला हवं होतं ते तुम्ही केलंत."

परतताना काका हळूच म्हणाले, "बोने, तुलाही माझाच संशय आला होता ना?"

तिचे डोळे भरून आले. "हो, काका. चुकलंच माझं."

"नाही गं, पोरी. संशय सगळ्यांनाच आला. पण टाक्यात हात घालून बघितलं फक्त तुम्ही दोघांनी."