नववा ठोका

कस्तुरी घोलपचं हृदय मधेच मिनिटाला दोनशे दहा वेळा धडधडू लागायचं, आणि मग बटण बंद केल्यासारखं एकदम ताळ्यावर यायचं. मनगटावरच्या पट्टीने हा वेग चारदा टिपला होता. पण तो सुरू कशाने होतो आणि थांबतो कशाने, हे पट्टीला सांगता येत नव्हतं. दवाखान्यात नेलं की हृदयाचा आलेख अगदी निर्दोष यायचा.

चौथ्या वेळी ती खो-खोच्या मैदानात खांबाजवळ वळताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडली. कारण कळेपर्यंत खेळायचं नाही, असं शाळेने सांगितलं. बारा वर्षांच्या कस्तुरीला पडल्यापेक्षा तेच जास्त लागलं.

म्हणून २०६३ सालच्या फेब्रुवारीत तिचे बाबा तिला धाराशिवच्या हृदयलय संशोधन केंद्रात घेऊन आले. तिथल्या प्रमुख डॉ. सुनंदा रणपिसे साठीच्या होत्या. त्यांच्या शेजारी ‘मात्रा’ नावाचा बुटका यंत्रमानव उभा होता. त्याचं मुख्य काम वेळ मोजणं, तोही मिलिसेकंदांत (सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातला एक).

“प्रत्येक ठोक्याआधी हृदयात विजेचा एक बारीकसा इशारा निघतो,” डॉक्टर म्हणाल्या. “तो वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जातो. मधे एक नाका असतो. काही जणांच्या नाक्यात एकाऐवजी दोन वाटा असतात. तुझ्याही असाव्यात, असा माझा अंदाज आहे. पण तू शांत पडून असताना ते दिसणार नाही. आपण बाहेरून हृदयाला तसेच बारीक इशारे देऊ आणि ते कसं वागतं ते बघू. याला विद्युत उद्दीपन म्हणतात.”

“आणि धडधड सुरू झाली तर?” बाबांनी विचारलं.

“ती सुरू व्हावी म्हणूनच करायचं.”

बाबा उठूनच उभे राहिले. “डॉक्टरबाई, मी बावीस वर्षं वायरमन आहे. विजेपासून लांब राहा, हे लोकांना सांगण्यात जन्म गेला माझा. आणि माझ्याच पोरीच्या काळजात वीज सोडू?”

कस्तुरीच म्हणाली, “बाबा, आपल्या शाळेच्या पंपाचा बिघाड कसा सापडला होता?”

बाबा पुन्हा खाली बसले. तो पंप थंड असताना प्रत्येक तपासणीत ठीक निघायचा. शेवटी त्यांनी तो मुद्दाम तासभर चालवला, तापवला, तेव्हा कुठे सैल जोड सापडला होता.

“थांबवणार कसं?” त्यांनी हळूच विचारलं.

“इशाऱ्यानेच. आणि त्याने नाही थांबलं, तर बाकी सगळी तयारी उशाशी असते.”

बाबांनी कस्तुरीकडे पाहिलं. “मला भीती वाटतेय,” ती म्हणाली, “पण मला कळायला हवंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मांडीतल्या शिरेतून तांदळाच्या दाण्याएवढे, इशारे देणारे आणि टिपणारे दोन शोधक आत सोडले. बाहेरच्या चुंबकाने ओढत ओढत डॉक्टरांनी ते हृदयात जागेवर बसवले. कस्तुरी जागी होती. दुखत काही नव्हतं. समोरच्या पडद्यावर तिचा प्रत्येक ठोका उमटत होता.

“आठ इशारे सारख्या अंतराने,” डॉक्टरांनी सांगितलं, “आणि नववा जरा आधी.”

मात्रा मोजून मोजून इशारे देऊ लागला. आठ ठोके संथ, ठाय लयीत पडले. नववा चारशे मिलिसेकंदांनी दिला. काही झालं नाही. मग तीनशे ऐंशी, तीनशे साठ, तीनशे चाळीस. दर वेळी नववा वीस मिलिसेकंद अलीकडे येत होता. खाली दोनशे साठपर्यंत गेले. हृदय शहाण्यासारखं वागत राहिलं.

“धडधड सुरू झाली नाही,” मात्रा म्हणाला.

आता पुन्हा सगळे म्हणणार, हिला काही झालेलंच नाही. तेवढ्यात तिला काहीतरी सुचलं. “पण डॉक्टर, मला हे झोपलेली असताना कधी झालंच नाही. खेळताना, नाहीतर चिडल्यावर, नाहीतर परीक्षेआधी घाबरून बसल्यावर होतं.”

डॉक्टरांनी मान डोलावली. धावताना शरीरात जे रसायन वाढतं, तसंच औषध त्यांनी थेंबाथेंबाने सुरू केलं. पडल्या पडल्या कस्तुरीला धावत असल्यासारखं वाटू लागलं.

पुन्हा आठ ठोके. नववा तीनशे वीसवर. मग तीनशेवर.

“थांबा,” मात्रा म्हणाला. “मागच्या वेळेपेक्षा नववा वीस मिलिसेकंद आधी दिला. तो खाली पोहोचला नव्वद मिलिसेकंद उशिरा.”

त्याचं वाक्य संपण्याआधीच कस्तुरीची छाती धडाडू लागली. तीच ती धडधड! पडद्यावर आकडा चढला : दोनशे आठ. बाबांनी तिचा हात घट्ट धरला.

“आता नीट बघ,” डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. “तुझी एक वाट जलद आहे, पण इशारा नेल्यावर तिला जास्त विसावा लागतो (तेवढा वेळ ती दुसरा इशारा घेत नाही). दुसरी वाट हळू आहे, पण लवकर ताजी होते. नववा इशारा आला तेव्हा जलद वाट विसाव्यातच होती. मग तो कुठून गेला?”

“हळू वाटेने. म्हणून उशीर झाला!”

“आणि तो खाली पोहोचेपर्यंत?”

कस्तुरीने धापा टाकत विचार केला. “तोवर जलद वाट ताजी झाली. मग तो तिच्यातून... वर आला?”

“वर आला, पुन्हा हळू वाटेने खाली गेला, पुन्हा वर. गोल गोल. प्रत्येक फेरीला एक ठोका.”

“मग त्याच्या पुढ्यात जाऊन वाट आधीच दमवली तर?”

डॉक्टर हसल्या. “मात्रा, दे.”

एक इशारा गेला. फिरत आलेल्या इशाऱ्याच्या लाटेला वाट विसाव्यात सापडली आणि ती तिथेच विरली. आकडा झपकन खाली आला. बाबांनी डोळे पुसले.

मग डॉक्टरांनी एक शोधक हळू वाटेवर नेला. आधी ती जागा नुसती गार करून पाहिली, कारण जलद वाट अगदी शेजारी होती आणि तिला धक्का लागून चालणार नव्हतं. ती शाबूत आहे हे दिसल्यावरच त्यांनी हळू वाट कायमची गोठवली. त्यानंतर औषध चालू ठेवून तेच इशारे पुन्हा दिले, अगदी दोनशे साठपर्यंत. काहीच सुरू झालं नाही.

“तीन आठवडे दम धर,” डॉक्टर म्हणाल्या, “मग खुशाल धाव.”

संध्याकाळी घरी निघण्याआधी कस्तुरी त्यांच्या खोलीत डोकावली. डॉक्टर मात्राला शेजारी घेऊन एका पडद्यासमोर बसल्या होत्या. त्यावरच्या रेघा वेड्यावाकड्या होत्या, एकीचं दुसरीशी जुळत नव्हतं.

“हा आलेख कोणाचा?”

“एका आजोबांचा. यांच्या हृदयात एक नाही, पुष्कळ लाटा एकदम फिरतात. कशाने सुरू होतात आणि कुठे अडवायच्या, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही.”

“कोणालाच?”

“कोणालाच.”

कस्तुरीने बाहेर उभ्या असलेल्या बाबांना हाताने ‘पाच मिनिटं’ अशी खूण केली आणि खुर्ची पुढे ओढली. “मात्रा,” ती म्हणाली, “पहिल्या ठोक्यापासून दाखव.”