वाळवंडीची साक्ष

शाळेतली साक्षीच्या तासाची खोली आज रिकामी होती. एरवी दहावीची पोरं कपाळाला पट्टे बांधून इथे असा कालवा करायची की शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांनी हात टेकले होते. आज तिघंच. खुर्चीत धर्मामामा, यंत्रापाशी मेंदूशास्त्रज्ञ डॉ. नौशाद काझी आणि उगाचच टेबल पुसत असलेल्या इतिहासाच्या हेमांगीबाई. आयुष्यभर जपून ठेवलेला एक प्रश्न बाईंना आज विचारायचा होता.

वाळवंडी हे कोळ्यांचं गाव समुद्राने एका दुपारी गिळलं, तेव्हा हेमांगी दोन वर्षांची होती. आईने तिला होडीत बसलेल्या आपल्या भावाच्या हातात दिलं, त्याला काहीतरी म्हणाली आणि आजारी शेजारणीला आणायला माघारी धावली. ती आलीच नाही. काय म्हणाली, ते एकट्या मामाला ठाऊक. तो आपणहून बोलला नाही, आणि त्याचा चेहरा बघून हिला कधी विचारवलं नाही.

पुढे वाळवंडी दहावीच्या पुस्तकात धडा झाली आणि काझींनी स्मृतिवाचक बनवला. साक्षीदाराला प्रश्न विचारायचा, त्या प्रश्नाने जी आठवण जागी होईल ती मुलांना पट्ट्यातून दिसायची, ऐकू यायची, तिचा वाससुद्धा यायचा. सनावळ्या घोकणं संपलं! पोरांनी मामाला डोक्यावर घेतलं. वर्षानुवर्षं तुकडीमागून तुकडी त्याला प्रश्न विचारत राहिली आणि भराभर गुण मिळवत राहिली. बाईंच्या विषयात कोणी नापास होत नाही, हे गावभर झालं.

आता अभ्यासक्रम बदलला होता. धडा गेला, तास बंद. म्हणूनच आजचा दिवस बाईंनी स्वतःसाठी मागून घेतला होता.

"सुरू करण्याआधी जरा बाहेर या," काझी म्हणाले. दाराबाहेर त्यांनी आवाज खाली आणला. "यंत्राने टिपलेली सगळ्या तासांची मुद्रणं काल एकाशेजारी एक लावून पाहिली. बाई, आपलं चुकलं. आठवण कपाटातल्या फोटोसारखी नसते. ती काढली की गोधडीसारखी उसवते, आणि परत ठेवताना नव्याने शिवली जाते. दर वेळी."

"मग? माझीही आठवण अशीच शिवली जाते ना?"

"जाते. पण इथे यंत्र ती पार उसवतं. जो धागा विचारला तो घट्ट होतो. जो विचारला नाही तो सैल होत होत गळतो. आणि आठवण उघडी असताना खोलीत जे बोललं जातं, तेही टाक्यांत शिवलं जातं."

बाई आठवू लागल्या. इतकी वर्षं काय विचारलं होतं आपण? स्थलांतराची कारणे द्या. परिणाम लिहा. प्रत्येक तासाला तेच, पुन्हा पुन्हा, कारण परीक्षेला तेच येतं. आदर्श उत्तरंही त्यांनीच मोठ्याने वाचून दाखवली होती, मामा खुर्चीत असताना.

"पहिल्या वर्षीचं मुद्रण काढा ना!"

"विचारलं तेवढंच उमटतं त्यात. तुमच्या आईचं बोलणं तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

नाही कसं? विचारलं होतं की! पहिल्याच तुकडीतल्या जुईली नावाच्या मुलीने. तिने हात वर करून विचारलं होतं, "आजोबा, तुमची बहीण शेवटी काय म्हणाली?" मामाचा चेहरा उजळला होता, ओठ हलले होते. आणि बाईंच्या काळजात चर्र झालं होतं. ते वाक्य त्यांचं होतं, त्यांच्या आईचं. चार भिंतींत, एकटीने ऐकायचं. सगळ्या वर्गासमोर? पट्ट्यांत काही उमटायच्या आतच त्यांनी जुईलीला दटावून खाली बसवलं होतं. मामाचे ओठ मिटले होते. कसली घाई होती, देवा! ऐकू द्यायचं होतं पोरांना. आपणही ऐकलं असतं.

त्या आत आल्या. मामाने ओळखीचं हसून पाहिलं.

"काय गो हेमे, आज पोरां नाहीत?"

"नाहीत. आज मीच आहे." काझींनी यंत्र सुरू केलं. बाईंनी पट्टा बांधला. "मामा, त्या दुपारी काय झालं?"

पट्ट्यात पाणी दिसलं नाही, होडी दिसली नाही. स्वच्छ फळा दिसला आणि मामाचा संथ आवाज आला. "परिणाम. एक, घरे नष्ट झाली. दोन, मासेमारी थांबली. तीन, जीवितहानी झाली."

"जीवितहानी म्हणजे कोण, मामा?"

तो गोंधळला. मान तिरकी करून शोधू लागला. बाईंना रडू आवरेना. त्या खुर्चीपाशी खाली बसल्या, त्याचे दोन्ही हात धरले आणि जन्मभराचा प्रश्न विचारला.

"तुझी बहीण, मामा. माझी आई. मला तुझ्या हातात दिलंन, तेव्हा काय म्हणाली रे ती?"

मामाचा चेहरा उजळला. अगदी तसाच, जुईलीने विचारलं तेव्हासारखा. ओठ हलले. सापडलं होतं त्याला! त्या जागी जे शिवलेलं होतं, ते त्याने बरोबर काढलं. आणि तो बोलला, जरा दटावून, थेट बाईंच्याच वर्गातल्या आवाजात.

"बस खाली. ते परीक्षेला येत नाही."